सूर्यफुलाचा दाणा कोण भरते?

आमच्या शाळेच्या परसबागेत यंदा सूर्यफुलाचा एक वाफा होता. दरवर्षी आपण मेथी, पालक, वांगी, मिरची लावतो. ती भाजी शाळेच्या खिचडीत जाते व सर्वांना आवडते. या वर्षी बाई म्हणाल्या, "पोटासाठी लावतोच, आता माशीसाठी काहीतरी लावू या." आम्हांला हसू आले. माशीसाठी कोणी बाग करते का? पण बाईंना घरातली माशी म्हणायची नव्हती, मधमाशी म्हणायची होती. आज विज्ञान दिन आहे, पुष्कळ पालक शाळेत आले आहेत. म्हणून त्या वाफ्यात आम्ही काय पेरले, काय पाहिले आणि आमच्या घरी त्याचा काय उपयोग झाला, ते मी या भित्तिपत्रकात लिहीत आहे.

आमचा खटाव तालुका कोरडवाहू. पाऊस कमी, विहिरींना पाणी बेताचे. फुलझाडे लावायची म्हटली तर पाण्याचा विचार आधी करावा लागतो. सूर्यफूल हे एका हंगामाचे झाड आहे. पेरल्यापासून तीन, सव्वातीन महिन्यांत त्याचे काम संपते. त्याची मुळे खोल जातात, त्यामुळे ते थोडी ओढ सहन करते. आमच्या वाफ्याला हात धुण्याच्या नळाचे वाहून जाणारे पाणी आम्ही चर काढून आणले. वेगळे पाणी फार द्यावे लागले नाही.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नव्हे. ते उत्तर अमेरिकेतले आहे. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून ते पिकवत. तिथून ते युरोपात गेले, रशियात तेलासाठी फार वाढले. आपल्या देशात तेलबियांचे पीक म्हणून ते १९६९ च्या सुमारास रशियातून आणलेल्या बियाण्यापासून पसरले. आमची आजी अजूनही त्याला "सुर्व्याचं फूल" म्हणते.

पेरणी

दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पेरणी केली. बी संकरित नव्हते, साधे होते. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी आजीने गाडग्यात राखेत घालून ठेवलेले होते. आधी मुलांनी जमीन खणली, ढेकळे फोडली, दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळले. मग चार सऱ्या पाडल्या. दोन सऱ्यांत दोन फूट व दोन रोपांत एक फूट अंतर ठेवले. बोटाची दोन पेरे जातील इतक्या खोलीवर प्रत्येक ठिकाणी दोन दोन बिया टोकल्या. एका सरीत बारा जागा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस.

सातव्या दिवशी कोंब वर आले. काही रोपांच्या डोक्यावर बियांचे टरफल टोपीसारखे अडकून बसले होते. पहिलीची मुले ती टोपी काढायला धावायची, त्यांना आवरावे लागे. दोन आठवड्यांनी विरळणी केली. एका जागी दोन रोपे असतील तर सशक्त ठेवायचे व दुसरे काढायचे. काढताना वाईट वाटते, पण दोन्ही ठेवली तर दोन्ही खुरटतात. शेवटी चव्वेचाळीस रोपे राहिली. चार जागी बी उगवलेच नाही.

खुरपणी दोनदा केली. झाडे गुडघ्याएवढी झाल्यावर बुंध्याला माती लावली, कारण सूर्यफुलाचे डोके जड असते व वाऱ्याने झाड आडवे होते. डिसेंबरच्या शेवटी शेंड्यावर हिरव्या चांदणीसारख्या कळ्या दिसू लागल्या.

या कळ्यांची एक गंमत आम्ही पाहिली. शाळा भरताना त्या पूर्वेकडे वाकलेल्या असत, दुपारी वर पाहत, आणि शाळा सुटताना पश्चिमेकडे कललेल्या असत. सगळे म्हणतात की सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवते. पण संक्रांतीच्या सुमारास फुले उमलली तेव्हा त्यांचे फिरणे थांबले. उमललेली जवळजवळ सगळी फुले सकाळी, दुपारी, संध्याकाळी पूर्वेकडेच तोंड करून उभी! फिरते ती कोवळी कळी, उमललेले फूल नव्हे. बाईंनी त्याचे कारण सांगितले. २०१६ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सूर्यफुलाच्या काही कुंड्या मुद्दाम पश्चिमेकडे फिरवून ठेवल्या. पूर्वेकडच्या फुलांना सकाळचे ऊन लवकर मिळते, ती लवकर तापतात, आणि त्यांच्यावर माश्या कितीतरी जास्त येतात असे त्यांना दिसले. म्हणजे फुलालासुद्धा सकाळच्या पाहुण्यांची वाट असते.

एक फूल नव्हे, फुलांचे गाव

आपण ज्याला सूर्यफुलाचे एक फूल म्हणतो ते एक फूल नाहीच. ते तबक आहे. त्यात शेकडो, कधी हजाराहून जास्त बारीक फुले दाटीने बसलेली असतात. कडेच्या पिवळ्याधमक पाकळ्या हीसुद्धा एकेक फुलेच, पण त्यांना दाणा धरत नाही. त्यांचे काम लांबून माश्यांना दिसायचे. दाणा धरतो तो मधल्या तपकिरी फुलांत. आम्ही भिंग घेऊन बसलो तेव्हा ती बारीक फुले ओळीने गोल फिरत गेलेली दिसली. मैत्रिणीने व मी खडूची पूड टाकून एका तबकातल्या ओळी मोजल्या. एका बाजूने वळणाऱ्या ३४ व दुसऱ्या बाजूने वळणाऱ्या ५५ भरल्या. पुष्कळ सूर्यफुलांत हेच आकडे सापडतात असे बाई म्हणाल्या.

ही बारीक फुले एकदम उमलत नाहीत. बाहेरच्या कडेपासून सुरुवात होते. रोज एक-दोन कड्या उमलतात व आत आत सरकतात. सगळे तबक उमलायला आठ-दहा दिवस लागतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

प्रत्येक बारीक फुलाचे दोन दिवस असतात असे म्हणता येईल. पहिल्या दिवशी ते पराग बाहेर टाकते. दुसऱ्या दिवशी त्याच्यातून दोन टोकांची कुक्षी बाहेर येते व पराग घ्यायला तयार होते. म्हणजे द्यायची वेळ वेगळी व घ्यायची वेळ वेगळी. शिवाय पुष्कळ सूर्यफुलांना स्वतःच्याच झाडाचा पराग फारसा चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. सूर्यफुलाचा पराग जड व चिकट असतो, तो ज्वारी-मक्याच्या परागासारखा वाऱ्यावर उडत नाही. मग तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणार कोण? झाडाला तर पाय नाहीत.

नेतात त्या माश्या. आमच्या वाफ्यावर आम्हांला तीन तऱ्हेच्या मधमाश्या ओळखता आल्या. सगळ्यांत लहान ती फुलोरी. तिचे हाताएवढे पोळे शाळेच्या मेंदीच्या कुंपणातच होते. तिच्याहून मोठी सातेरी, ती झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. तिच्या पोळ्यांचे एकाआड एक असे थर असतात. हिलाच लाकडी पेटीत पाळतात. सगळ्यांत मोठी आग्या. तिचे सुपाएवढे पोळे उंच झाडावर उघडे लोंबते. याखेरीज मोठे काळे भुंगे आणि रंगीत फुलपाखरेही येत. पण ती थोडी. खरी गर्दी माश्यांचीच.

माशी तबकावर उतरली की ती कडेकडेने गोल फिरते. तिच्या अंगावर बारीक लव असते, तिला पराग चिकटतो. ती पायांनी अंग झाडते व पराग मागच्या पायांवर गोळा करते. परत जाताना तिच्या दोन्ही पायांना पिवळ्या पोटल्या बांधल्यासारख्या दिसतात. एका फेरीत ती बहुतेक एकाच जातीच्या फुलांवर जाते. म्हणून सूर्यफुलाचा पराग सूर्यफुलालाच मिळतो. ती काही झाडावर उपकार करायला येत नाही. ती आपल्या पिल्लांच्या पोटाला न्यायला येते. पण तिचे पोट भरता भरता झाडाचे काम होते.

आमचा प्रयोग

बाई म्हणाल्या, "पुस्तकात लिहिलंय म्हणून मान डोलवू नका. करून बघा."

आम्ही एकाच सरीतली, साधारण एकाच दिवशी उमलणारी नऊ फुले निवडली. तीन फुलांच्या देठाला पांढरा दोरा बांधला. ती उमलायच्या आधीच जुन्या धोतराच्या मलमलीच्या पिशवीत सैल बांधून झाकली. ऊन, वारा जात होता, पण माशीला आत येता येत नव्हते. दुसऱ्या तीन फुलांना लाल दोरा बांधला व ती उघडीच ठेवली. उरलेल्या तीन फुलांना हिरवा दोरा. तीही झाकली, पण रोज सकाळी नऊच्या सुमारास पिशवी काढून आम्ही माशीचे काम स्वतः केले. हाताला मऊ कापड गुंडाळायचे, ते दुसऱ्या झाडांच्या फुलांवरून हळूच फिरवायचे, मग या फुलावरून फिरवायचे, आणि पुन्हा पिशवी बांधायची. सूर्यफुलाचे शेतकरी माश्या कमी असल्या की असेच करतात. सकाळी आठ ते अकरा ही वेळ त्याला चांगली.

तीन फुलांचे हे काम करायला चार मुलांना रोज पाव तास लागे. मुले कंटाळून जात. एक जण म्हणाला, "बाई, माशीला पगार किती द्यावा लागेल हो?" सगळे हसले. पण मला ते खरेच वाटले. एका एकरात हजारो झाडे असतात. तेवढ्यांवरून हात फिरवायला माणसे कुठून आणायची?

रोज आठ, दहा व बारा वाजता एका मुलीने लाल दोऱ्याच्या एका फुलापाशी पाच मिनिटे उभे राहून किती माश्या येतात ते वहीत लिहायचे, असे ठरले. सर्वांत जास्त दहाच्या सुमारास येत. थंडी जास्त असली की आठ वाजता एकही नसे.

प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी मात्र वहीतला आकडा एकदम खाली आला. दहा वाजता एखादीच माशी. कुंपणापाशी पंधरा-वीस माश्या मरून पडलेल्या मिळाल्या, काही जमिनीवर गरगर फिरत होत्या. शाळेच्या कुंपणाला लागून हरभऱ्याचे एक शेत आहे. त्यात घाटे अळी पडली होती, म्हणून त्या सकाळी पाठीवरच्या पंपाने औषध मारले होते. ते शेत कोणाचे ते मी लिहीत नाही. त्यांचाही माल वाचवायचा होता, आणि हे त्यांनी मुद्दाम केले नव्हते. हरभऱ्याच्या बांधावर करडई व रानफुले उमलली होती, त्यांवर माश्या होत्या. वहीतला आकडा पहिल्यासारखा व्हायला आठवडा लागला.

दाणे मोजले

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तबकांची मागची बाजू लिंबासारखी पिवळी झाली. म्हणजे दाणे पक्व झाले. राघूंनाही ते आमच्या आधी कळले. थवेच्या थवे येऊ लागले. एका मुलाने बुजगावणे केले व त्याला गांधी टोपी घातली. दोन दिवस राघू घाबरले, तिसऱ्या दिवशी एक राघू त्या टोपीवरच बसून दाणे सोलत होता. मग आम्ही तबकांना वर्तमानपत्राची टोपरी बांधली.

तबके कापून उन्हात वाळवली. नऊ फुलांचे दाणे वेगवेगळे ठेवले. प्रत्येक फुलातले शंभर दाणे न निवडता घेतले व एकेक दाबून पाहिला. भरलेला दाणा कठीण लागतो. पोचट दाणा बाहेरून अगदी तसाच दिसतो, पण दाबला की चपटा होतो, आत नुसती हवा.

पांढऱ्या दोऱ्याच्या, म्हणजे झाकलेल्या फुलांत शंभरात वीस-बावीसच दाणे भरलेले निघाले. हिरव्या दोऱ्याच्या, म्हणजे आम्ही हात फिरवलेल्या फुलांत साठाच्या आसपास. आणि लाल दोऱ्याच्या उघड्या फुलांत ऐंशीच्या जवळ. खत तेच, पाणी तेच, ऊन तेच, सरीसुद्धा तीच. फरक फक्त माशीचा. चार मुलांनी मिळून जे केले त्यापेक्षा माशीने जास्त चांगले केले.

आणखी एक गोष्ट दिसली, ती कोणी शोधायला सांगितली नव्हती. लाल दोऱ्याचे एक तबक आम्ही दाणे न काढता ठेवले होते. माझ्या मैत्रिणीने त्यावर कडेपासून आत बोट फिरवत एकेक दाणा दाबला. कडेच्या ओळी टणक. मग आत एक पट्टा असा लागला की त्यात पोचट दाणे बरेच. त्याच्या आत पुन्हा टणक. अगदी मध्यावर पुन्हा पोचट, पण मध्ये तसे असतेच. तो पट्टा कोणत्या दिवशी उमलला असेल ते आम्ही वहीवरून मोजले. तो जानेवारीतल्या त्याच दिवसांचा निघाला, माश्या कमी झाल्या होत्या त्या दिवसांचा. बाई म्हणाल्या, "एका तबकावरून छातीठोक सांगता येत नाही. थंडीचाही परिणाम असू शकतो. पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे." मला वाटले, फुलानेही आमच्यासारखीच रोजची वही लिहिली होती.

आमच्या डेंगळ्याची गोष्ट

आता घरचे सांगते. आमच्या आप्पांनी यंदा पंधरा गुंठ्यांत कांद्याचे डेंगळे केले आहेत. चांगले कांदे निवडून पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे येतात, आणि गोंड्यांत काळे बी धरते. ते बी चांगल्या भावाने जाते. गेल्या वर्षीही केले होते. गोंडे पांढरेशुभ्र भरले होते, येणारे-जाणारे थांबून बघत. पण एप्रिलमध्ये काढणी केली तेव्हा बी निम्मेसुद्धा निघाले नाही. गोंडे चोळले की नुसता भुस्सा. त्या साली सोसायटीचे कर्ज फिटले नाही, ताईचे पुढच्या शिक्षणाला तालुक्याला जाणेही लांबले. कोणी म्हणाले कांदेच खराब, कोणी म्हणाले हवामान, कोणी म्हणाले नजर लागली.

कांद्याच्या फुलाचेही सूर्यफुलासारखेच आहे. त्याचा पराग आधी गळतो व कुक्षी मागून तयार होते. म्हणून त्यालाही माशी लागते. हे बाईंनी सांगितले त्या दिवशी मी तिन्ही दोऱ्यांचे थोडे थोडे दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून घरी नेले.

संध्याकाळी आप्पा ओसरीवर बसले होते. मी पुड्या त्यांच्यापुढे सोडल्या व सगळे सांगितले. त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचे दाणे अंगठ्याने एकेक दाबले. मग लाल दोऱ्याचे दाबले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेल्या साली गोंडं फुलल्यालं तवा दोनदा औषध मारलंतं. सकाळच्या पारीच."

आजी आतून म्हणाली, "आमच्या येळेला बांधाकडंनं कारळाच्या दोन वळी असायच्या. माश्या नुसत्या घोंगावायच्या. आता कारळ कोण पेरतंय? बांधबी ऱ्हायला न्हाय."

आप्पा म्हणाले, "ते खरं गं आये. पण फुलकिडं पडल्यात. औषध न्हाय मारलं तर ते खाऊन टाकत्यात. मग करू काय?"

याचे उत्तर मला येत नव्हते. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारले, त्यांनी कृषी साहाय्यकांना फोन लावून दिला. ते म्हणाले, शक्यतो गोंडे उमलायच्या आधीच किडीचा बंदोबस्त करावा. फुलोऱ्यात मारायचीच वेळ आली तर माशीला कमी त्रासदायक असेल ते घ्यावे, पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क करावा, आणि दिवस मावळल्यावर मारावा. तेव्हा माश्या पोळ्यात परतलेल्या असतात. सकाळी मात्र पंपाला हात लावू नये.

आप्पांनी ऐकून घेतले. त्यांची अडचणही खरी होती. संध्याकाळी मजूर मिळत नाही. अंधारात पंप घेऊन सरीतून चालायचे म्हणजे इचू-काट्याचे भ्या. पण त्यांनी पाच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवली, फडक्याने गाळली, शंभर लिटर पाणी केले, आणि दोन दिवस दिवस मावळल्यावर स्वतः मारले. आई बांधावरून बॅटरी दाखवत होती. मला त्यांनी घरीच ठेवले. औषधाजवळ लेकरांनी यायचे नाही, असा त्यांचा नियम आहे.

दुसरी गोष्ट मोहोळाची. आमच्या बांधावरच्या चिंचेवर आग्याचे मोठे मोहोळ दरवर्षी लागते. यंदा एक जण मध काढायला आला होता. रात्री पेंढी पेटवून धूर करतो, निम्मा मध तुमचा, असे म्हणाला. आधी आप्पा तयार झाले होते. पण आग लावून मध काढला की हजारो माश्या जळून मरतात. आणि आमच्या गोंड्यांवर तर त्याच माश्या येत होत्या. आप्पांनी त्याला परत पाठवले. शेजारच्यांना मात्र भीती होती की आग्या उठला तर माणसाला, जनावराला सोडत नाही. भीती खोटी नाही. म्हणून चिंचेखाली गुरे बांधायची नाहीत, शेकोटी करायची नाही, आणि आम्ही पोरांनी त्या बाजूला दगड मारायचा नाही, असे ठरले. एवढे पाळले की आग्या आपल्या वाटेने जातो.

आज मी हे लिहीत आहे तेव्हा गोंडे निम्मे उमलले आहेत. सकाळी दहा वाजता शेतात उभे राहिले की कानांत नुसता गुंजारव येतो. बी किती भरेल ते एप्रिलमध्येच कळेल. कमी निघाले तर तेही मी पुढच्या भित्तिपत्रकात लिहीन.

पालकांना आणि मित्रांना

आपल्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वर तालुक्यात मांघर नावाचे गाव आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पेटीत सातेरी पाळतात. २०२२ साली ते 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. माश्यांचा अभ्यास व शिक्षण देणारी सरकारी संस्थाही पुण्यात १९६२ सालापासून आहे. म्हणजे माश्या सांभाळणे हे काही परदेशातले शहाणपण नव्हे, ते आपल्याच डोंगरात चालू आहे. आपण कोरड्या भागातले. आपल्याकडे पेट्या नसल्या तरी बांध आहे, परसू आहे, फुलोरी आहे, आग्या आहे.

माझी पालकांना विनंती आहे. पिके फुलोऱ्यात असताना सकाळी औषध मारू नका. मारायचेच असेल तर दिवस मावळल्यावर मारा आणि शेजारच्याला आदल्या दिवशी सांगा. मोहोळ जाळू नका. बांधावर सूर्यफुलाची नाहीतर कारळाची एखादी ओळ टाका. दोन ओळींनी जमीन काही कमी होत नाही.

मित्रांनो, तुमच्यासाठी वर्गाच्या खिडकीत एक खोके ठेवले आहे. त्यात कागदाच्या पुड्या आहेत. प्रत्येक पुडीत लाल दोऱ्याच्या फुलांचे पाच दाणे आहेत, दाबून निवडलेले. मृगाच्या पावसानंतर जमिनीत ओल आली की दोन पेरे खोल टोका. वेगवेगळ्या घरी लावा, पण शेजारी शेजारी लावा, म्हणजे एकाच्या फुलाला दुसऱ्याच्या फुलाचा पराग मिळेल. उमलल्यावर सकाळी दहा वाजता पाच मिनिटे फुलापाशी उभे राहा व किती माश्या आल्या ते वहीत लिहून आणा. पुढच्या वर्षी आपण सगळ्यांचे आकडे या भिंतीवर लावू. म्हणजे गावाच्या कोणत्या बाजूला माश्या आहेत व कोणत्या बाजूला नाहीत ते सर्वांना दिसेल.

पुड्या एकशे दहा आहेत. ज्यांच्या घरी लहान भावंडे आहेत त्यांनी दोन घेतल्या तरी चालतील.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी